स्टेटस कार्ड, मोबाइलचं बिल आणि काउंटरवरची भाषा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधल्या मोबाइलच्या दुकानात नव्याने लागलेल्या एका मराठी मुलाकडे एक बाई आल्या. त्यांनी फोन घेतला, महिन्याचा प्लॅन घेतला आणि पैसे देताना स्टेटस कार्ड, म्हणजे सरकारकडे नोंदणी असलेल्या मूळ रहिवाशाचं ओळखपत्र, पुढे करून टॅक्स काढायला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "ते फक्त रिझर्व्हवर चालतं," म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीवर. बाई पूर्ण टॅक्स भरून नाराज होऊन गेल्या. कार्डावर 'इंडियन' असं छापलेलं पाहून हा मुलगा गमतीत म्हणाला होता, "मीपण इंडियनच!" बाई हसल्या नाहीत. आता त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: टॅक्सचा नियम काय आणि या लोकांना म्हणायचं काय.

मी ओंटारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथे, हिशेबाची आणि विक्रीकराची कामं करतो. मोबाइल विकणारी छोटी दुकानं माझ्याकडे बरीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो. तुमचा मॅनेजर अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा म्हणजे ८ टक्के, आणि ते त्या बाईंच्या हक्काचे होते.

आधी मुळाशी जाऊ, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कॅनडाचा 'इंडियन ॲक्ट' १८७६ चा. त्याचं कलम ८७ सांगतं की नोंदणी असलेल्या 'इंडियन' व्यक्तीची किंवा तिच्या बँडची (सरकारने मान्य केलेल्या तिच्या समूहाची) रिझर्व्हवर असलेली जंगम मालमत्ता करमुक्त आहे. ही कल्पना त्याहूनही जुनी, १८५० च्या अपर कॅनडाच्या कायद्यातही ती होती. या कलमाला दोनच अटी आहेत: माणूस कोण आणि वस्तू कुठे. उत्पन्न किती, गरज आहे की नाही, हे कलम विचारत नाही. १९९० च्या 'मिचेल विरुद्ध पेग्विस बँड' खटल्यात न्यायमूर्ती ला फॉरेस्ट यांनी कलमाचा हेतू सांगितला तो असा: रिझर्व्हवरची मालमत्ता कर लावून किंवा कर्जवसुली करून हळूहळू पोखरली जाऊ नये. गरिबांना मदत करणं हा या कलमाचा हेतू नाही. जप्तीपासूनचं संरक्षणही म्हणूनच लगेच पुढच्या कलमांत येतं.

हे सरकारचं आणि कोर्टाचं म्हणणं. फर्स्ट नेशन्स, म्हणजे कायदा ज्यांना 'इंडियन' म्हणतो ते मूळ रहिवासी समाज, त्यांच्यातल्या बऱ्याच लोकांचं म्हणणं याहून पुढचं आहे. त्यांच्या मते करमुक्ती ही सरकारशी झालेल्या जुन्या करारांतली गोष्ट आहे, कायद्याने दिलेली मेहेरबानी नव्हे. याला आधार आहे. १८९९ मध्ये उत्तरेकडे 'ट्रीटी ८' हा करार झाला तेव्हा वाटाघाटी करणाऱ्या आयुक्तांनी आपल्या अहवालात लिहून ठेवलं की या करारामुळे कर लादायला वाट मोकळी होणार नाही, असं आम्ही त्यांना सांगितलं. एक शतक उलटल्यावर यावरून 'बेन्वा' खटला झाला. खालच्या कोर्टात फर्स्ट नेशन्सच्या बाजूने निकाल लागला, २००३ मध्ये अपिलात तो फिरला. कोर्टाचा निकाल बंधनकारक आहे आणि दुकानात तोच पाळायचा. पण समोरचा माणूस कार्ड पुढे करतो तेव्हा त्याच्या मनात कूपन नसतं, दिलेला शब्द असतो, एवढं लक्षात असू द्या. म्हणूनच या व्यवहारात 'डिस्काउंट' किंवा 'सूट' हे शब्द तोंडातून काढू नका. 'टॅक्स एक्झम्प्ट' म्हणा, झालं.

आता त्या बाईंचं बिल.

ओंटारिओत एचएसटी, म्हणजे केंद्राचा आणि प्रांताचा मिळून एकच विक्रीकर, १३ टक्के आहे. त्यात ५ टक्के केंद्राचा भाग आणि ८ टक्के प्रांताचा. दोन भागांचे नियम वेगळे आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. केंद्राच्या ५ टक्क्यांना कलम ८७ सरळ लागू होतं, म्हणजे 'कुठे' हा प्रश्न आला. प्रांताच्या ८ टक्क्यांचं तसं नाही. १ जुलै २०१० ला ओंटारिओत एचएसटी सुरू होण्याआधी प्रांताचा जुना विक्रीकर होता. त्यात स्टेटस कार्ड दाखवलं की रिझर्व्हबाहेरच्या दुकानातही बहुतेक वस्तूंवर तो कर लागत नसे. दोन कर एकत्र करताना ही सोय जाणार म्हटल्यावर फर्स्ट नेशन्सनी जोरदार विरोध केला, आणि १ सप्टेंबर २०१० पासून ती परत आली. तेव्हापासून ओंटारिओत स्टेटस असलेल्या ग्राहकाला रिझर्व्हबाहेरच्या दुकानातही पात्र वस्तू आणि सेवांवर प्रांताचे ८ टक्के गल्ल्यावरच वजा होतात. फोनचा हँडसेट या वस्तूंत बसतो. दूरसंचार सेवाही बसतात, मात्र बिलावरच्या सगळ्या ओळी बसतीलच असं नाही. हॉटेलातलं जेवण, दारू, तंबाखू, पेट्रोल यांत बसत नाही, पण तो तुमच्या दुकानाचा विषय नाही.

म्हणजे हँडसेट १,००० डॉलरचा असेल तर तुमच्या काउंटरवर त्या बाईंनी ५० डॉलर कर द्यायला हवा होता. त्यांनी दिले १३०. महिन्याचा प्लॅन ६० डॉलरचा धरला तर कर ७ डॉलर ८० सेंट होतो, आणि ८ टक्के गेले की ३ डॉलर. वर्षभराचा फरक साधारण ५८ डॉलरचा. मोठी रक्कम नाही, पण दर महिन्याला बिल उघडलं की तीच ओळ पुन्हा दिसते, आणि माणूस चिडतो तो त्याच्यामुळे.

"पण मी राहते रिझर्व्हवर, फोन तिथेच नेणार आहे," असं ग्राहक म्हणाला तर? तर हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. १९९८ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या खटल्यात कोर्टाने ठरवलं की विक्रीकर विक्रीच्या क्षणी आणि विक्रीच्या जागी लागतो, वस्तू नंतर कुठे वापरली जाते याला महत्त्व नाही. म्हणून मॉलमधून पिशवीत घालून नेलेल्या फोनवर केंद्राचे ५ टक्के लागतातच. तोच फोन तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुरियरने रिझर्व्हवरच्या पत्त्यावर पोहोचवला तर विक्री रिझर्व्हवर झाली असं धरतात, आणि ५ टक्केही जातात. यासाठी पोहोचवल्याचा कागद जपून ठेवावा लागतो. कुरियरची पावती आणि बिलावर पूर्ण पत्ता. उद्या तपासणी आली तर रेव्हेन्यू एजन्सी, म्हणजे कॅनडाचं कर खातं, आधी तेच मागते. माझ्या एका अशिलाकडे सगळं व्यवस्थित होतं, पण पावत्यांवर फक्त गावाचं नाव होतं. गाव रिझर्व्हच्या बाहेरही होतं आणि आतही. ती जुळवाजुळव करण्यात आमचा अख्खा आठवडा गेला.

मग मोबाइलच्या सेवेचं काय? घरातल्या फोनची तार भिंतीतून येते, तो कुठे आहे यावर वाद होत नाही. मोबाइल मात्र खिशात फिरतो. सकाळी रिझर्व्हवर, दुपारी टोरांटोत. एक्वेसास्नेसारख्या ठिकाणी तर ओंटारिओ, क्वेबेक आणि न्यूयॉर्क अशा तिन्हींच्या सीमा एकाच समाजाच्या अंगणातून जातात. सिग्नल कोणत्या टॉवरवरून आला यावरून कर ठरवायला बसलं तर कुणाचंच बिल निघणार नाही. म्हणून व्यवहारात कंपन्या खात्यावर नोंदवलेला पत्ता पाहतात. खातेदाराचं स्टेटस आहे आणि पत्ता रिझर्व्हवरचा आहे, तर पूर्ण कर जातो. पत्ता रिझर्व्हबाहेरचा आहे पण ओंटारिओतला आहे, तर प्रांताचे ८ टक्के जातात. शिकायला म्हणून मुलगी रिझर्व्ह सोडून शहरात आली आणि तिने बिलाचा पत्ता बदलला की ५ टक्के परत लागू होतात. तिला हे आधीच सांगितलं तर पुढच्या महिन्यात तुमच्याशी भांडण होत नाही.

पत्त्याची गोष्ट इथे संपत नाही. तुमच्या भागातलंच उदाहरण घ्या. मिसिसॉगा शहराचं नाव ज्या लोकांवरून पडलं ते 'मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट फर्स्ट नेशन'. टोरांटो आणि पील भागात आपण घरं घेतली, गणपती बसवले, ती त्यांच्या कराराची जमीन. टोरांटोच्या जमिनीच्या १८०५ च्या व्यवहाराबद्दलचा त्यांचा दावा २०१० मध्ये १४.५ कोटी डॉलरला मिटला. क्रेडिट नदीकाठचं गाव सोडून १८४७ मध्ये ते हेगर्सव्हिलजवळ गेले, आणि आज त्यांचं रिझर्व्ह तिथे आहे. आता गंमत पाहा. त्यांचा टपालाचा पत्ता 'आरआर ६, हेगर्सव्हिल' असा येतो (आरआर म्हणजे ग्रामीण टपालमार्ग). हेगर्सव्हिल हे रिझर्व्हबाहेरचं गाव. तुमच्या संगणकातल्या टपाल-कोडच्या यादीला हे कळत नाही. ती म्हणते, हा पत्ता रिझर्व्हवरचा नाही, कर लावा. आणि समोरचा माणूस तर जन्मापासून तिथेच राहतोय. शेजारच्या सिक्स नेशन्स रिझर्व्हवरच्या लोकांनाही हाच अनुभव येतो. अशा वेळी ग्राहकाशी वाद घालू नका. घराचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव घ्या, लागलंच तर बँड ऑफिसचं राहत्या पत्त्याचं पत्र मागा, आणि कंपनीच्या टॅक्स विभागाला पाठवा. पत्र मागताना कारणही सांगा: आमची यादी चुकते, तुमच्यावर संशय नाही.

आणखी एक ठिकाण, जिथे चांगली माणसंही अडकतात: खातं कोणाच्या नावावर आहे. कर लागतो तो बिल भरायची कायदेशीर जबाबदारी ज्याची आहे त्याला. बायकोचं स्टेटस आहे, नवऱ्याचं नाही, आणि चार लाइनींचं खातं नवऱ्याच्या नावावर आहे, तर करमुक्ती मिळत नाही, फोन कोणीही वापरो. खातं बायकोच्या नावावर घेतलं तर मिळते. खातं उघडतानाच हे विचारा, नंतर बदलायला गेलं की क्रेडिट तपासणी, नवीन करार, सगळं आलं. स्टेटस असलेल्या माणसाने स्वतःच्या धंद्याची कंपनी काढली आणि फोन कंपनीच्या नावावर घेतला, तर तीही वेगळी व्यक्ती. कंपनीला स्टेटस नसतं. बँड ऑफिसच्या फोनांसाठी मात्र वेगळे नियम आहेत आणि त्यांची कागदपत्रंही वेगळी लागतात. ते थेट वरिष्ठांकडे पाठवा. प्रीपेडमध्ये खात्याला धड नाव-पत्ताच नसतो, त्यामुळे तिथे अडचण येते. ज्याला करमुक्ती हवी त्याला महिन्याच्या बिलाचं खातं घ्यायला सुचवलेलं बरं.

तुमच्या बाबतीत दुकानातलं मशीन आणि कंपनीचं बिलिंग ही दोन वेगळी घरं आहेत, हे विसरू नका. हँडसेटचा कर तुमच्या गल्ल्यावर ठरतो. महिन्याच्या प्लॅनचा कर कंपनीच्या संगणकात. तुम्ही काउंटरवर कार्ड पाहून ८ टक्के वजा केलेत, ग्राहक खूश होऊन गेला, आणि कार्डाची माहिती कंपनीकडे पोहोचलीच नाही, तर पहिल्याच बिलात पूर्ण १३ टक्के येतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कारण पहिल्या क्रमांकावर आहे. बहुतेक कंपन्यांचा यासाठी अर्ज असतो. तो ग्राहकासमोरच भरून पाठवा, आणि बिलात कर दिसणं कधी बंद होईल ते सांगा.

बाकीच्या प्रांतांचं झटपट सांगतो, कारण भारतात बसून रात्रपाळीत कॅनडाची बिलं हाताळणारी बरीच मराठी मुलंही हे वाचतील. अल्बर्टात फक्त केंद्राचा ५ टक्के जीएसटी, म्हणून तिथे प्रश्न फक्त रिझर्व्हवर की बाहेर एवढाच. ब्रिटिश कोलंबियात ५ अधिक प्रांताचे ७, सस्कॅचवनात ५ अधिक ६, मॅनिटोबात ५ अधिक ७, क्वेबेकमध्ये ५ अधिक ९.९७५. या प्रांतांचे कर आणि त्यांच्या सवलती त्यांच्या-त्यांच्या नियमांनी चालतात. न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड आणि प्रिन्स एडवर्ड बेटावर एचएसटी १५, नोव्हा स्कोशियात १ एप्रिल २०२५ पासून १४. गल्ल्यावर ८ टक्के सोडायची ही सोय ओंटारिओची आहे. ती सगळीकडे आहे असं समजून नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सच्या ग्राहकाला वचन देऊ नका. आणि काही फर्स्ट नेशन्सनी आपल्या जमिनीवर स्वतःचा 'फर्स्ट नेशन्स जीएसटी' लावलेला आहे. तो ५ टक्केच असतो, पण त्यांच्या सरकारचा, आणि त्यांचे सदस्यही तो भरतात. तिथल्या पत्त्यावर ५ टक्के दिसले तर चूक समजू नका.

आता कार्ड. त्याचं अधिकृत नाव 'सिक्युअर सर्टिफिकेट ऑफ इंडियन स्टेटस', बोलताना 'स्टेटस कार्ड'. प्रेअरी प्रांतांत 'ट्रीटी कार्ड' असंही म्हणतात. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक दहा आकडी, त्यातले पहिले तीन बँडचे. नवं कार्ड प्लॅस्टिकचं आहे, पण बँड ऑफिसने दिलेली जुनी लॅमिनेट केलेली कार्डंही तुमच्यासमोर येतील, आणि जुनाट दिसतं म्हणून ते बनावट ठरत नाही. तुम्हाला एवढंच करायचं: नाव आणि फोटो पाहा, बिलावर नोंदणी क्रमांक लिहा. क्रमांकाऐवजी बँडचं नाव आणि कुटुंब क्रमांकही चालतो. कार्डाची फोटोकॉपी काढून ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका. ती ओळखीची चोरी करणाऱ्याच्या हातात पडली तर त्या माणसाचं नुकसान होतं. कार्डावर नूतनीकरणाची तारीख असते. ती उलटली तर नवं कार्ड आणायला सांगता येतं, पण "तुमचं स्टेटस संपलं" असं म्हणू नका. कार्ड जुनं होतं, नोंदणी होत नाही.

चेहरा पाहून शंका घेणं हा या कामातला सर्वांत वाईट गुन्हा. "तुम्ही तशा दिसत नाही" हे वाक्य मी काउंटरवर स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. नोंदणी रूपावर होत नाही, कायद्याच्या कलम ६ प्रमाणे होते. १९८५ पर्यंत नियम असा होता की स्टेटस असलेल्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचं स्टेटस जायचं, आणि स्टेटस असलेल्या पुरुषाने बाहेरची बायको केली की त्या बायकोला ते मिळायचं. म्हणजे आजही एखाद्या गोऱ्या आजीच्या हातात अगदी खरं कार्ड असू शकतं, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, अस्सल क्री बोलणाऱ्या माणसाकडे नसू शकतं. १९८५ च्या दुरुस्तीने, मग २०११ च्या आणि त्यानंतर २०१७ च्या कायद्याने हा भेद टप्प्याटप्प्याने कमी केला. त्यामुळे साठी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रियांना आणि त्यांच्या नातवंडांना कार्ड अलीकडे मिळालं आहे. त्यांनी ते मिळवायला वर्षानुवर्षं सरकारशी भांडण केलं. तुमच्या भुवया वर गेल्या तर त्यांना ते लगेच दिसतं.

संशयाचं टोक कुठवर जातं याचं उदाहरण सगळ्या कॅनडाने पाहिलं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये व्हँकुव्हरमधल्या एका बँकेत हाइल्त्सुक समाजाचे एक आजोबा बारा वर्षांच्या नातीचं खातं उघडायला गेले. कर्मचाऱ्यांना स्टेटस कार्डांबद्दल शंका आली, पोलिसांना फोन गेला, आणि दोघांनाही, त्या मुलीलासुद्धा, रस्त्यावर बेड्या घातल्या गेल्या. कार्डं खरी होती. आपण तर नुसते फोन विकतो, आपल्याकडून असं होणार नाही, असं वाटेल. पण सुरुवात अशीच होते: कार्ड दोनदा उलटून पाहायचं, मग मागच्या खोलीत घेऊन जायचं, मग ग्राहकाला न सांगता कुणाला तरी फोन करायचा. कार्ड ग्राहकाच्या नजरेसमोरच ठेवा. शंका असेल तर त्यांना सांगून, त्यांच्यासमोरच विचारा.

सगळ्याच मूळ रहिवाशांना हे लागू नाही, हेही माहीत हवं. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेच्या कलम ३५ मध्ये तीन समूह सांगितले आहेत: इंडियन, इनुइट (अतिउत्तरेचे) आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला वेगळा समाज). कलम ८७ ची करमुक्ती यांतल्या पहिल्यालाच, आणि त्यातही नोंदणी असलेल्यांनाच. २०१६ मध्ये 'डॅनियल्स' खटल्यात सुप्रीम कोर्टाने मेटी आणि नोंदणी नसलेले लोक केंद्र सरकारच्या घटनात्मक जबाबदारीत येतात असं म्हटलं, आणि त्यानंतर काहींना वाटलं की आता त्यांनाही कर नाही. तसं झालेलं नाही. मेटी नागरिकत्वाचं कार्ड ही खरी आणि सन्मानाची ओळख आहे, पण गल्ल्यावर तिच्यामुळे कर जात नाही. हे सांगताना "हे कार्ड चालत नाही" असं म्हणण्यापेक्षा "या नियमात फक्त स्टेटस कार्ड येतं" असं म्हणा. आणि "यांना काय, टॅक्सच नसतो" हे आपल्या पार्ट्यांमधलं वाक्य तर सोडूनच द्या. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात १८ लाखांहून थोडे अधिक मूळ रहिवासी होते, लोकसंख्येच्या ५ टक्के. त्यांतले मेटी आणि इनुइट सगळा कर भरतात. स्टेटस असलेल्यांतलेही निम्म्याहून अधिक रिझर्व्हबाहेर राहतात आणि बाहेरच्या पगारावर तुमच्या-माझ्यासारखाच आयकर देतात.

राहिलं नाव.

कार्डावर आणि कायद्यात 'इंडियन' हा शब्द आहे, कारण कायदा १८७६ चा आहे आणि त्याचं नाव अजून बदललेलं नाही. अर्जातल्या चौकटीत तो लिहावाच लागेल. तोंडात तो आणायचं कारण नाही. सरकारने स्वतः मंत्रालयाचं नाव बदलत आणलं: 'इंडियन अफेअर्स'चं २०११ मध्ये 'ॲबोरिजिनल' झालं, २०१५ मध्ये 'इंडिजिनस'. तुम्ही ग्राहकाशी बोलताना 'स्टेटस कार्ड' आणि 'फर्स्ट नेशन्स' एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. इनुइट आणि मेटी यांना मात्र फर्स्ट नेशन्स म्हणू नका, ते वेगळे. इनुइटांना पूर्वी म्हणत तो 'एस्किमो' शब्द तर पूर्णच टाका. एडमंटनच्या फुटबॉल संघाने २०२० मध्ये ते नाव सोडलं आणि २०२१ पासून तो 'एल्क्स' झाला. समोरच्याने "मी अनिशिनाबे", "मी मोहॉक", "मी क्री" असं सांगितलं तर तोच शब्द धरा, तो सगळ्यांत चांगला. आपल्याकडे सरकारी फॉर्मवर अनुसूचित जमाती लिहितात, पण रायगडातला माणूस स्वतःला कातकरी म्हणतो आणि डहाणूचा वारली. तेवढंच साधं आहे हे.

कधी एखादे वयस्क गृहस्थ स्वतःच "आम्ही इंडियन" किंवा "नेटिव्ह" म्हणतील. ते त्यांचं. त्यांनी म्हटलं म्हणून तुम्हाला परवानगी मिळाली असं नाही. मराठीत लिहिताना 'रेड इंडियन' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतून अजून डोकावतो. तो बंद करा. 'कॅनडाचे आदिवासी' यात वाईट काही नाही, पण 'कॅनडातले' म्हणा. ते कॅनडाच्या मालकीचे नाहीत, आणि तिथे कॅनडा येण्याआधीपासून आहेत.

तुमची ती गंमत. "मीपण इंडियनच" हे आपल्यातले सगळेच एकदा तरी म्हणतात, हेतू मैत्रीचाच असतो. अडचण अशी की त्या बाईंनी हे आयुष्यात अनेकदा ऐकलेलं असतं, आणि दर वेळी टॅक्स काढायला सांगितल्यावरच ऐकलेलं असतं. तुम्ही भारतातून आलात, तुमच्या नावापुढचा शब्द तुमच्या देशाचा आहे. त्यांच्यावर तो कोलंबसाच्या चुकीमुळे आला आणि मग कायद्याने चिकटवला. विषय काढायचाच असेल तर त्यांची भाषा कोणती, गाव कुठलं, हे विचारा, आणि तेही मागे रांग नसेल तर.

आता त्या बाईंचे पैसे. बिल तुमच्या मशीनमध्ये आहे. चुकून जास्त घेतलेला कर दुकान स्वतः परत करू शकतं, त्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही क्रेडिट नोट काढली की त्यांना कुठेही अर्ज करावा लागत नाही. दुकानाने नाही म्हटलं तर त्या रेव्हेन्यू एजन्सीकडे 'जीएसटी १८९' या फॉर्मवर मागणी करू शकतात, पण ८० डॉलरसाठी ग्राहकाला सरकारी फॉर्म भरायला लावणं हे दुकानदारीला शोभत नाही. मॅनेजरला १ सप्टेंबर २०१० ची ओंटारिओची सोय दाखवा. तो मानेल, कारण नियम उघड छापलेला आहे. मग बाईंना फोन करा. सांगा की हँडसेटवरचे ८ टक्के परत येणार आहेत, येताना स्टेटस कार्ड आणा म्हणजे क्रमांक बिलावर लिहिता येईल, आणि महिन्याच्या बिलासाठीचा अर्जही त्याच वेळी भरू. त्या फोनवर भेटल्या नाहीत तर निरोप ठेवा, पण निरोपात कार्डाचा किंवा स्टेटसचा उल्लेख करू नका. घरात फोन कोण उचलतं ते आपल्याला माहीत नसतं. फक्त दुकानाचं नाव, तुमचं नाव आणि "तुमच्या बिलात दुरुस्ती आहे, पैसे परत द्यायचे आहेत" एवढंच.